चिंताकीची चाकोरी

'चाकोरी' हा शब्द आपण मराठीत इतक्या वेळा वापरतो, की त्यात 'चाक' दडले आहे हे विसरूनच जातो. चाकोरीतली नोकरी, चाकोरीबद्ध जगणे, चाकोरीबाहेरचा विचार. भाषणात टाळ्या घेणारा हा शब्द मुळात शेताच्या वाटेवरचा आहे. गाडीची चाके रोज त्याच जागेवरून जाऊन जमिनीत जो खोल पट्टा पडतो, ती चाकोरी. कन्नडात तिला 'जाडु' म्हणतात. ज्यांना ती डोळ्यांनी पाहायची असेल, त्यांनी पावसाळा सरल्यावर चिंताकीच्या शिवारात यावे. पावसात काळ्या मातीचा लोण्यासारखा चिखल होतो, त्यात चाके रुततात, आणि मार्गशीर्ष उजाडेपर्यंत तेच चर उन्हाने असे कडक होतात की पहारीने फोडावे लागतात.

चिंताकी हे बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातले होबळीचे गाव. महाराष्ट्रातल्या वाचकांनी 'औराद' म्हटल्यावर घोटाळा करू नये. लातूर जिल्ह्यात निलंगा तालुक्यातले ते औराद शहाजानी. आपले हे औराद बाऱ्हाळी, अमरेश्वराचे. हा तालुका महाराष्ट्र आणि तेलंगण या दोन्ही राज्यांना भिडलेला आहे. इथल्या माणसाच्या घरात मराठी, बाजारात कन्नड, गॅरेजमध्ये दखनी आणि पलीकडच्या पाहुण्यांशी तेलुगू चालते, आणि यात विशेष काही आहे असे कोणालाच वाटत नाही.

मी इतिहास शिकवतो, त्यामुळे एवढे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. निजामाच्या राज्यात बीदर हा एकच मोठा जिल्हा होता. उदगीर, अहमदपूर, निलंगा त्यात. नारायणखेड, जहिराबादही त्यातच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्ये झाली आणि या जिल्ह्याचे तीन तुकडे पडले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात गेले, उदगीरकडचा भाग मुंबई राज्यात, आणि नारायणखेडकडचा आंध्र प्रदेशात. नकाशावर रेघ पडली. पण सोयरिकी, बैलबाजार आणि शेतावर जाण्याच्या वाटा त्या रेघेला विचारून चालत नव्हत्या. माझी थोरली बहीण लग्न होऊन चिंताकीला गेली ती याच जुन्या नात्याने. तिची सासू तिच्याशी कन्नडात बोलत असे, ती मराठीत उत्तर देत असे, आणि भांडण मात्र दोघी दखनीत करीत, म्हणजे कोणालाच जड जाऊ नये!

वेळ अमावस्येचे आमंत्रण

मार्गशीर्ष अमावस्या म्हणजे आपली वेळ अमावस्या, कन्नड घरांतली एळ्ळ अमावास्ये. लातूर, उस्मानाबाद म्हणजे आताचे धाराशिव, बीदर, कलबुर्गी या पट्ट्याबाहेरच्या लोकांना हा सण समजावून सांगावा लागतो. त्या दिवशी गाव ओस पडते. सगळे घर शेतात. ज्वारी-बाजरीचे उंडे, बेसन लावलेली नाना भाज्यांची भज्जी, गाडग्यातले आंबील, गव्हाची खीर. कडब्याच्या खोपीत पांडव मांडायचे, पूजा करायची, शेतभर चरग शिंपडायचा, आणि मग वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून पंगतीला बसवायचे.

या दिवशी शेताच्या वाटेची खरी परीक्षा होते. एरवी त्या वाटेने गडीमाणसे जातात. वेळ अमावस्येला मात्र म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, शहरातून आलेल्या सुना, डोक्यावर आंबिलाचे गाडगे घेतलेल्या पोरी, सगळ्यांना तीच वाट. पूर्वी बैलगाडी, आता ट्रॅक्टर-ट्रॉली. गेल्या खेपेला आक्काचा फोन आला, तो मात्र जेवणासाठी नव्हता. "तू चार दिवस आधी ये. तुझ्या भाच्याने घरात एक भूत आणलंय. मामा म्हणून तूच काय ते सांग," असे तिने बजावले.

भूत म्हणजे चारचाकी मोटारसायकल. इंग्रजीत तिला क्वाड म्हणतात. भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी हैदराबादजवळच्या एका खेळ-उद्यानातून ही जुनी गाडी वर्गणी काढून घेतली आणि टेम्पोत घालून चिंताकीला आणली. मोटारसायकलसारखे हँडल, घोड्यासारखी मांड घालून बसायचे, खाली चार फुगीर टायर. बसायला जागा एकाच माणसाची. शर्यतीच्या जातीची असल्याने हलकी आणि चपळ. दुसऱ्या दिवशी पहाटे शेतातली मोटार चालू करायला तो तिच्यावरून निघाला, आणि वाटेत एका चाकोरीच्या काठावर गाडी अशी कलली की पाय टाकून उडी मारावी लागली. खरचटण्यावर निभावले. पण दाजींनी ते लांबून पाहिले होते. या भागात ट्रॅक्टर उलटून गेलेली माणसे ज्याला त्याला ठाऊक असतात. त्यामुळे दाजी त्या दिवशी जेवले नाहीत.

भाच्याचे म्हणणे एकच होते. गाडीचा पुढचा भाग अरुंद आहे, म्हणून ती कलते. पुढून दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच रुंद केली की झाले. आक्काचे म्हणणे त्याहून सोपे होते. विकून टाका.

उस्तादांची टेप

गावातल्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडवर आम्ही गाडी नेली. उस्ताद साठीचे, शाळा फारशी न शिकलेले, पण अर्ध्या तालुक्याचे ट्रॅक्टर त्यांच्या हाताखालून गेलेले. भाच्याने आपला बेत सांगितला. उस्तादांनी गाडीकडे पाहिलेही नाही. खिशातून टेप काढली आणि म्हणाले, "पैले रस्ता नापो, बाद में गाडी."

आम्ही वाट मोजायला गेलो. गेली पंचवीस वर्षे मी विद्यार्थ्यांना साधनांवरून इतिहास वाचायला शिकवतो, पण जमिनीतल्या दोन चरांवरून एवढे वाचता येते हे त्या सकाळी पाहिले. उस्तादांनी एका चाकोरीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत टेप धरली. १३५ सेंटिमीटर. "हे सोयाबीनने ठरवलंय," ते म्हणाले.

त्याचा अर्थ असा. इकडे सोयाबीनच्या दोन ओळींत साधारण ४५ सेंटिमीटर म्हणजे दीड फूट अंतर ठेवतात. ट्रॅक्टर कोळपणीला किंवा फवारणीला पिकात शिरतो, तेव्हा चाके ओळींवर न जाता ओळींच्या मधून गेली पाहिजेत. तीन ओळी पोटाखाली घेतल्या, तर तीन वेळा ४५ म्हणजे १३५ सेंटिमीटर. म्हणून दाजींच्या ट्रॅक्टरची चाके तेवढ्या अंतरावर बांधलेली. ट्रॅक्टरचा पुढचा आस त्यासाठीच सरकता असतो. मधल्या पोकळ भागात दोन्ही बाजूंचे तुकडे आत-बाहेर होतात, भोके जुळवून बोल्ट लावायचे. मागच्या चाकांची तबकडी उलटसुलट बसवून अंतर बदलता येते. बैलगाडीच्या काळात हे अंतर सुताराच्या हातात होते. आता ते पिकाच्या ओळीत आहे. आणि शेतात जे अंतर, तेच वाटेवर उमटते.

आता भाच्याच्या गाडीचे माप. शर्यतीच्या क्वाडची पुढची रुंदी टायरच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत साधारण ४६ इंच असते, म्हणजे ११७ सेंटिमीटर. दोन चाकोऱ्यांच्या मध्ये जो उंचवटा राहतो, तो आमच्या वाटेवर मीटरभर रुंद भरला. म्हणजे गाडी उंचवट्यावरून न्यावी तर दोन्हीकडे अर्धे टायर जमिनीवर आणि अर्धे हवेत. चाकोरीत उतरवावी तर दोन्ही चाके एकदम उतरत नाहीत. एक खाली, एक वर. गाडी कलली ती अरुंद होती म्हणून नव्हे, तर दुसऱ्याच्या मापाच्या वाटेवर चालत होती म्हणून.

"आणि चार इंच वाढवले तर?" भाच्याने विचारले. उस्तादांनी मातीत काडीने रेघा ओढून दाखवले. पुढची चाके चाकोरीच्या आतल्या भिंतीला घासत खाली उतरतील. मागचा आस आहे तेवढाच राहणार, म्हणजे मागची चाके उंचवट्याच्या काठावर लोंबकळतील. पुढून एक गाडी आणि मागून दुसरी, असा प्रकार होईल.

वाटेवरचे दुसरे माप त्याहून महत्त्वाचे निघाले. विहिरीजवळ वाट वळते. एका बाजूला विहिरीचा कठडा, दुसऱ्या बाजूला शेजारच्या अप्पांच्या धुऱ्यावरचा कडुलिंब. या वळणावर ट्रॅक्टर कधीच जात नाही, तो ओढ्याकडून लांबच्या वाटेने फिरून येतो. ही पायवाटच. मधले अंतर भरले ५१ इंच. ४६ इंचाची गाडी दोन्हीकडे अडीच इंच ठेवून निघेल. ५० इंचाची केली, तर एका बाजूला अर्धा इंच विहीर आणि दुसऱ्या बाजूला अर्धा इंच झाड.

शिवाय वळणावर मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतून कापून जातात. ट्रॉली घेऊन वळणाऱ्या कोणत्याही ड्रायव्हरला हे विचारावे. म्हणून अरुंद वाटेवर पुढचा भाग मागच्यापेक्षा किंचित रुंद असलेला बरा असतो. पुढची चाके निघाली की मागची निघणार हा भरवसा राहतो, आणि आतून कापायला थोडी जागाही मिळते. पण किंचितच. मोकळ्या मैदानात शर्यत करणारे लोक गाडी पन्नास इंचापर्यंत नेतात, झाडाझुडपांतून जाणारे ४६ ते ४८ मध्ये राहतात. अमेरिकेतल्या जंगलवाटांवर अनेक ठिकाणी पन्नास इंचांहून रुंद गाडीला मज्जाव असतो. चिंताकीत तो नियम विहिरीच्या कठड्याने केलेला आहे.

रुंद करणे म्हणजे काय

शेडवर परतल्यावर चहा झाला आणि उस्ताद आता गाडीखाली गेले. इथून पुढचा भाग तरुण वाचकांनी नीट वाचावा, कारण मोटारसायकल असो की रिक्षा, रुंद टायर आणि बाहेर काढलेली चाके यांचे वेड आता गावोगावी आले आहे.

पुढचा भाग रुंद करण्याच्या तीन रीती आहेत. पहिली, चाक आणि तुंबा यांच्या मध्ये जाड चकती म्हणजे स्पेसर घालायचा. सर्वांत स्वस्त, अर्ध्या तासाचे काम. दुसरी, अशी रिम घ्यायची की तिची वाटी आतल्या बाजूला आणि टायर बाहेरच्या बाजूला राहील. तिसरी, चाकाला धरून ठेवणारे हात, जे इंग्रजी ए अक्षरासारखे दिसतात म्हणून ए-आर्म म्हणवतात, तेच लांब मापाचे बसवायचे.

पहिल्या दोन रीतींत चाक बाहेर जाते, पण ज्या खुंट्याभोवती ते वळते तो खुंटा जागेवरच राहतो. दार बिजागरीपासून जितके लांब, तितका वारा त्याला जोरात आपटतो, तसे इथे होते. बाहेरच्या चाकाला दगड लागला की हँडल हाताला हिसका देते. बेअरिंगवरचा आणि नटबोल्टवरचा ताण वाढतो तो वेगळाच. तिसऱ्या रीतीत खुंटाही चाकाबरोबर बाहेर जातो, म्हणून तीच खरी रीत. पण ती महाग, आणि एकट्या ए-आर्मवर भागत नाही. हँडलपासून चाकापर्यंत जाणारे टाय रॉड त्याच मापाने लांब लागतात, ब्रेकची नळी पुरते का ते पाहावे लागते. हात लांब झाल्याने तीच स्प्रिंग मऊ वाटू लागते, कारण तरफ लांबली. म्हणून शॉकअपही त्या मापाचे किंवा जास्त ताणाचे हवेत.

भाच्याच्या मित्राने मध्येच सुचवले, आहे तेच ए-आर्म कापून मध्ये तुकडा वेल्डिंग करू. उस्तादांनी हातातला पाना खाली ठेवला. ट्रॉलीचा हौद ते रोज वेल्डिंग करतात, पण ज्या नळीवर माणसाचा जीव टांगलेला असतो ती आपण कापत नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. त्यावर कोणी काही बोलले नाही.

मग दाजींनी एक प्रश्न विचारला, जो मला फार योग्य वाटला. "ट्रॅक्टरचा पुढचा आस रुंद केला, तर ट्रॅक्टर उलटायचा थांबतो का?" उस्ताद म्हणाले, नाही. ट्रॅक्टरचा पुढचा आस मधोमध एका खिळीवर तराजूच्या दांडीसारखा टांगलेला असतो. एक चाक ढेकळावर चढले तर दांडी कलते, ट्रॅक्टरचे अंग सरळ राहते. त्यामुळे अंग कलू लागते तेव्हा, दांडी अडून बसेपर्यंत, पुढचा रुंद आस त्याला सावरत नाही. सावरतात ती मागची चाके. मागचे अंतर, उताराचा कल आणि वेग यांवरच तिथे सगळे अवलंबून. क्वाडचे तसे नाही. तिच्या पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र हात आणि स्वतंत्र स्प्रिंग असते, म्हणून तिथे पुढची रुंदी थोडी तरी कामाला येते.

थोडी म्हणजे किती, हे भाच्याने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर गणित करून काढले. समजा, दोन चाकांच्या मध्यांतले अंतर ४० इंच, आणि गाडी व माणूस मिळून वजनाचा मध्य जमिनीपासून २५ इंचांवर. अशी गाडी उभ्या जागी सुमारे ३९ अंशांच्या उतारावर उलटेल. चारही चाके धरून चार इंच रुंदी वाढवली, तर हा आकडा होतो ४१ च्या थोडा वर. म्हणजे एवढा खर्च करून मिळाले अडीच अंश. आणि नुसते पुढूनच वाढवले तर त्याहूनही कमी.

आता दुसरे गणित. गाडी १८० किलोची, माणूस ७० किलोचा. माणसाने आपले अंग उताराच्या वरच्या बाजूला आठ इंच सरकवले, तर दोघांच्या वजनाचा मध्य सव्वादोन इंच सरकतो. याचा फायदा चार इंच रुंदी वाढवण्याहून किंचित जास्तच भरतो, आणि पैसा लागत नाही! भाचा कागदाकडे पाहत राहिला. त्याच्या आजोबांच्या काळी बैलगाडी धुऱ्यावरून कलू लागली की गाडीतली माणसे आपसूक वरच्या साटीला सरकायची. वजन कुठे ठेवायचे ते त्यांना ठाऊक होते, फक्त त्याचे अंश त्यांनी काढले नव्हते.

चाके आणि राज्ये

चाकांतले अंतर हा काही लहान विषय नाही. इसवी सनापूर्वी २२१ मध्ये चीन एका छत्राखाली आल्यावर तिथल्या पहिल्या सम्राटाने लिपी आणि वजनमापांबरोबर गाड्यांच्या आसाची लांबीही एकसारखी करण्याची आज्ञा काढली. प्रत्येक राज्याची चाकोरी वेगळी असली की एका राज्याची गाडी दुसऱ्याच्या वाटेवर अडखळते, हे त्याला कळले होते. आमच्या तीन राज्यांच्या तोंडावर राहणाऱ्यांना हे समजायला वेळ लागू नये.

अलीकडची गोष्ट अमेरिकेतली. अशा खेळाच्या गाड्या तिथे आधी तीनचाकी होत्या, पुढे एक आणि मागे दोन. त्या उलटून इतके अपघात झाले, की १९८८ साली तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाशी न्यायालयामार्फत झालेल्या करारानंतर कंपन्यांनी नव्या तीनचाकी गाड्या विकणे थांबवले. पुढचे एक चाक गेले आणि दोन आली. पुढच्या भागाची रुंदी ही हौसेची बाब नाही, हे त्यावरून कळते. पण चार चाके आली म्हणून अपघात थांबले नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवे. सोळा वर्षांखालील मुलांनी मोठ्या माणसांची क्वाड चालवू नये, एकाच्या जागेवर दोघांनी बसू नये, हेल्मेटशिवाय निघू नये, हे तिकडचे साधे नियम आजही तेच आहेत.

आपल्याकडे खेळाची क्वाड सरकारी रस्त्यावर आणता येत नाही. तिची नोंदणी होत नाही. पोलारिस कंपनीने २०२० मध्ये आपली स्पोर्ट्समन ५७० ही गाडी ट्रॅक्टर म्हणून नोंदता येईल अशा रूपात भारतात आणली होती, पण ती जात वेगळी आणि किंमत आठ लाखांच्या घरात. भाच्याची गाडी म्हणूनच टेम्पोतून आली आणि ती शेताच्या वाटेपुरतीच राहणार, हे दाजींनी पहिल्या दिवशी ठरवून टाकले होते.

वाट कोणाची

उस्तादांनी गाडीचे निदान सांगितले ते असे. पुढच्या टाय रॉडची टोके खिळखिळी झालेली, एका चाकाचे बेअरिंग गेलेले, आणि दोन्ही चाकांची तोंडे बाहेर फाकलेली. त्यांनी दोन्ही टायरवर खडूची रेघ मारली, तुंब्याच्या उंचीवर पुढून अंतर मोजले, गाडी ढकलून रेघा मागे आणल्या आणि पुन्हा मोजले. पुढचे अंतर मागच्यापेक्षा काही मिलिमीटर कमी हवे, याला टो-इन म्हणतात. इथे ते बोटभर जास्त होते. अशी गाडी सरळ रस्त्यावरही भटकते, तिला चाकोरीचा काय दोष. टायरमधली हवासुद्धा पुस्तकातल्या आकड्याच्या दुप्पट भरलेली होती. क्वाडच्या टायरला मोटारसायकलच्या मानाने फारच थोडी हवा लागते, हे पेट्रोल पंपावरच्या पोराला कोण सांगणार.

ठरले ते एवढे. आधी नवी टोके, नवे बेअरिंग, टो-इन आणि हवा. त्यावर महिनाभर गाडी सावकाश चालवायची. तरीही गरज वाटली तर कंपनीचे तयार ए-आर्म, एका बाजूला एकच इंच जास्त, टाय रॉड आणि शॉकअप त्याच मापाचे. म्हणजे ४८ इंच. विहिरीजवळ दोन्हीकडे दीड इंच उरेल, आणि त्या वळणावर उतरून ढकलत नेण्यात कमीपणा नाही.

राहिली चाकोरी. उंचवटा खरवडून वाट सपाट करायची, तर ती वाट दोन्ही शेतांच्या धुऱ्यांमधून जाते. अर्धी आक्काची, अर्धी अप्पांची. अकरा वर्षांपूर्वी एका बाभळीवरून दोन्ही घरांत बोलणे तुटले होते, आणि तेव्हापासून या वाटेवर कोणीच मुरुमाची एक पाटीही टाकली नव्हती. प्रत्येक जण आपल्या पलीकडच्या बाजूला चाक दाबून ट्रॅक्टर नेत असे. चाकोरी खोल झाली ती पावसाने खरी, पण निम्मी या अबोल्याने.

वेळ अमावस्येच्या दुपारी भाचा उंडे आणि भज्जीचे ताट घेऊन अप्पांच्या खोपीत गेला. त्या दिवशी कोणी कोणाचे ताट परत पाठवत नाही. थोड्या वेळाने अप्पा काठी टेकत त्याच्याबरोबर वाटेपर्यंत आले, चाकोरीत उतरून उभे राहिले, तेव्हा त्यांची पोटरी निम्मी आत गेली. "तम्मा, दारी इब्बरदु," ते म्हणाले. वाट दोघांची आहे. कडुलिंब तोडायचा नाही, ही त्यांची एकच अट होती. दाजींनी काही उत्तर दिले नाही, पण संध्याकाळी ट्रॅक्टरला मागची फळी जोडायला सांगितली. आक्का मला हळूच म्हणाली, "विकायला सांगायला बोलावलं होतं तुला." तरी भाच्याच्या हेल्मेटचे पैसे तिनेच दिले.

शेताच्या वाटांसाठी दोन्ही राज्यांत सोयी झाल्या आहेत. कर्नाटकात रोजगार हमीतून 'नम्म होल, नम्म दारी' नावाने शेतरस्त्यांची कामे झाली. महाराष्ट्रात २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, आणि २०२५ मध्ये शेतरस्ता शक्यतो तीन ते चार मीटर रुंद असावा व त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात व्हावी, असा शासननिर्णय निघाला. आपल्यापैकी ज्यांची एक जमीन पहाणीवर आणि दुसरी सातबाऱ्यावर आहे, त्यांनी दोन्हीकडे चौकशी करावी. पण कोणतीही योजना आली तरी तलाठी किंवा ग्रामलेखाधिकारी पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की शेजाऱ्याची संमती आहे का.

म्हणून पुढच्या पेरणीआधी एक काम करावे. शेजाऱ्याला बरोबर घेऊन, एक टेप आणि चार खुंट्या घेऊन वाटेवर जावे. चाकोऱ्यांच्या मधले अंतर, उंचवट्याची रुंदी, आणि सर्वांत अरुंद जागा, ही तीन मापे घ्यावीत आणि दोघांच्या घरी कॅलेंडरवर लिहून ठेवावीत. नवा ट्रॅक्टर, नवे पेरणीयंत्र, पोराची नवी गाडी, काहीही घेताना आधी ती मापे पाहावीत. मृगाचा पाऊस पडला की माती पुन्हा मऊ होते. तेव्हा दोघांनी मिळून एकदा फळी फिरवली, तर वर्षभर पुरते.